शेजाऱ्याच्या रानातून गेलेला नळ

रस्त्याला माणसाचे नाव देतात, चौकाला देतात, धरणालाही देतात. पण जमिनीखालून आणि समुद्राच्या तळावरून जाणाऱ्या, कुणाच्या नजरेसही न पडणाऱ्या पोलादी नळाला माणसाचे नाव दिल्याचे आपण फारसे ऐकत नाही. भूमध्य समुद्राच्या पोटात असा एक नळ आहे. अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात हासी रमेल येथे त्याचा उगम. तेथून साडेपाचशे किलोमीटर चालून तो ट्युनिशियाच्या हद्दीत शिरतो. त्या देशातून ३७० किलोमीटर गेल्यावर समुद्रात उतरतो आणि दीडशेहून अधिक किलोमीटर पाण्याखालून जाऊन सिसिली बेटावर डोके वर काढतो. पुढे मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून इटलीच्या पायाच्या चवड्यापासून चढत चढत उत्तरेकडच्या बोलोन्या शहराजवळ पोहोचतो. सगळी वाट सुमारे अडीच हजार किलोमीटरची. या वाटेने आलेल्या नैसर्गिक वायूवर इटलीतल्या असंख्य घरांत शेगड्या पेटतात आणि थंडीच्या दिवसांत खोल्या उबदार राहतात.

या नळाचे नाव एन्रिको मात्तेई. पण त्यातून पहिला वायू वाहू लागला १९८३ साली, आणि ज्याचे नाव तो मिरवतो तो माणूस त्याआधी वीस वर्षांपूर्वीच, १९६२ मध्ये, एका विमान अपघातात गेला होता. तो अपघात होता की घातपात, याची चर्चा इटलीत अजून थांबलेली नाही.

मग नळाला त्याचेच नाव का? हे समजून घ्यायचे तर या माणसाच्या विलक्षण आयुष्याकडे वळायला हवे.

फौजदाराचा मुलगा

मध्य इटलीतील मार्के प्रांतात आक्वालान्या नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २९ एप्रिल १९०६ रोजी एन्रिकोचा जन्म झाला. पाच भावंडांतला तो दुसरा. वडील अन्तोनियो पोलीस दलात साधे हुद्देदार होते. पण १९०१ साली मुसोलिनो नावाच्या गाजलेल्या दरोडेखोराला पकडण्यात त्यांचा हात होता. घरात कीर्ती होती, पैसा मात्र बेताचाच. १९१९ मध्ये हे कुटुंब मातेलिका या गावी राहायला आले.

शाळेत एन्रिको काही चमकला नाही. लवकरच तो कामाला लागला. आधी लोखंडी खाटांना रंग देण्याचे काम, मग चामडे कमावण्याच्या कारखान्यात हरकाम्या. पण या पोराच्या अंगात चिकाटी होती आणि माणसे हाताळण्याची कला तर उपजतच. जेमतेम विशीत तो त्याच कारखान्याचा व्यवस्थापक झाला. पुढे मंदी आली, कारखाना बसला आणि एन्रिकोने मिलान गाठले. तेथे रंग आणि रसायने विकणाऱ्या कंपन्यांचा फिरता विक्रेता म्हणून त्याने दारोदार पायपीट केली आणि १९३४ च्या सुमारास स्वतःचा रसायनांचा छोटा कारखाना काढला. १९३६ मध्ये मार्गेरिता पाऊलास या ऑस्ट्रियन नर्तिकेशी त्याचे लग्न झाले. गाडी, बंगला, प्रतिष्ठा असे सगळे मिळाले होते. एखादा माणूस तेथेच समाधान मानून थांबला असता.

पण १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता कोसळली, उत्तर इटली जर्मन फौजांच्या टाचेखाली आली आणि मात्तेई भूमिगत चळवळीत उतरला. त्याचे काम बंदुकीपेक्षा हिशेबाचे आणि रसदीचे होते. डोंगरात लपलेल्या तुकड्यांना पैसा, कपडे, शस्त्रे पोहोचवायची आणि पै-पैचा हिशेब ठेवायचा. ऑक्टोबर १९४४ मध्ये तो पकडला गेला. डिसेंबरमध्ये कोमोच्या तुरुंगातून निसटला. मे १९४५ मध्ये मिलानच्या रस्त्यांवरून मुक्तिसैनिकांची विजययात्रा निघाली, तेव्हा पहिल्या रांगेत चालणाऱ्या नेत्यांत मात्तेई होता.

मोडीत काढायला नेमला, आणि

युद्ध संपता संपता त्याच्यावर एक कामगिरी सोपवण्यात आली. आजिप ही सरकारी तेल कंपनी १९२६ साली स्थापन झाली होती. वीस वर्षांत तिच्या हाती फारसे काही लागले नव्हते. हा पांढरा हत्ती पोसण्यात अर्थ नाही, तेव्हा यंत्रे विका, माणसे कमी करा आणि दुकान बंद करा, असा सरकारचा मानस होता. मोडीत काढण्यासाठी नेमलेल्या या अधिकाऱ्याने आधी कंपनीची दफ्तरे वाचून काढली, जुन्या तंत्रज्ञांशी बोलणी केली. जुन्या राजवटीत काम केले म्हणून बाजूला पडलेल्या कार्लो झान्मात्तीसारख्या जाणत्या माणसाला त्याने पुन्हा जवळ केले. तेव्हा कळले की पो नदीच्या खोऱ्यात, मिलानपासून फार दूर नसलेल्या काव्हियागा येथे १९४४ मध्येच वायूचा मोठा साठा लागला होता आणि युद्धाच्या धामधुमीत ती बातमी दडून राहिली होती.

मात्तेईने काहीही विकले नाही. उलट नवी विंधने सुरू केली. वरून बंद करा असे हुकूम येत राहिले आणि हा खाली भोके पाडत राहिला. १९४९ मध्ये कोर्तेमाज्जोरे येथे वायूबरोबर थोडे तेलही लागले. तेल खरे तर किरकोळच होते. पण मात्तेईने त्याचा असा गाजावाजा केला की इटली आता तेलसंपन्न झाली असेच लोकांना वाटू लागले. त्या नावाचे पेट्रोल बाजारात आले आणि त्याच्या जाहिरातीसाठी सहा पायांचा, तोंडातून ज्वाळा सोडणारा काळा कुत्रा चितारला गेला. तो कुत्रा पुढे इटलीत घराघरांत ओळखीचा झाला.

खरी दौलत मात्र वायूची होती. वायू पिंपात भरून ठेवता येत नाही; तो नळानेच न्यावा लागतो. मात्तेईने पो खोऱ्यात नळांचे जाळे विणायला घेतले. शेतमालकांच्या आणि नगरपालिकांच्या परवानग्यांची वाट पाहत बसलो तर हयात जाईल, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याची माणसे रातोरात खंदक खणत, नळ पुरत आणि सकाळी गाव जागे होऊन तक्रार करेपर्यंत माती लोटून मोकळी होत. नंतर भरपाई दिली जाई. असे हजारो नियम आपण मोडले, हे तो स्वतःच अभिमानाने सांगत असे. अशा दांडगाईचे कौतुक करावे की नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो तेव्हाही विचारला गेला होता.

१० फेब्रुवारी १९५३ च्या कायद्याने एनी ही राष्ट्रीय ऊर्जा संस्था जन्माला आली, पो खोऱ्यातले वायूचे हक्क तिला मिळाले आणि मात्तेई तिचा प्रमुख झाला. मिलानच्या वेशीवर त्याने कामगारांसाठी घरे, शाळा आणि चर्च असलेली वसाहत उभारली आणि मिथेन वायूवरून तिचे नाव मेतानोपोली ठेवले.

मांजराच्या पिलाची गोष्ट

देशातला वायू देशाची भूक भागवण्यास पुरेसा नव्हता, आणि बाहेरच्या तेलावर मोजक्या बड्या कंपन्यांचा कबजा होता. मात्तेईने त्यांना सात बहिणी असे नाव दिले. ते पुढे जगभर रूढ झाले. १९५३ मध्ये इराणमध्ये मोसादेक यांचे सरकार पडले. पुढच्या वर्षी तेथील तेलासाठी बड्या कंपन्यांचा संघ बनला, तेव्हा इटलीलाही एक लहानशी खुर्ची मिळेल अशी मात्तेईची अपेक्षा होती. ती मिळाली नाही. हा अपमान तो विसरला नाही.

दूरचित्रवाणीवर त्याने एकदा एक गोष्ट सांगितली होती. शिकारीहून परतल्यावर शेतकऱ्याच्या घरी त्याच्या कुत्र्यांपुढे जेवणाचे भांडे ठेवले होते. एक रोडावलेले मांजराचे पिलू भीत भीत त्या भांड्याकडे आले. कुत्र्याने त्याला असे झिडकारले की ते दूर जाऊन आपटले आणि मेले. युद्धानंतरची इटली म्हणजे तेच पिलू, असे त्याला सुचवायचे होते. ही गोष्ट इटलीतल्या साध्या माणसांच्या काळजाला भिडली.

पण केवळ गाऱ्हाणे सांगून तो थांबला नाही. त्या काळी तेल काढणारी परकी कंपनी आणि तेलाचा मालक असलेला देश यांच्यात नफा निम्मा-निम्मा वाटून घेण्याची रीत होती. कंपनी सगळे ठरवणार आणि देश आपला वाटा मोजून घेणार. मात्तेईने १९५७ मध्ये इराणशी वेगळाच करार केला. इराणची राष्ट्रीय कंपनी आणि एनी यांनी मिळून एक कंपनी काढायची. तिच्या नफ्यातला अर्धा भाग सरकारला कर म्हणून जाणार, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा इराणची कंपनी निम्म्याची भागीदार. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर इराणच्या पदरात. शिवाय सुरुवातीच्या शोधाचा खर्च एनीने सोसायचा.

पंचाहत्तराच्या आकड्याने बड्या कंपन्यांच्या पोटात गोळा आला. पण आकड्याहून महत्त्वाची होती ती संचालक मंडळातली खुर्ची. जमिनीचा मालक आता नुसता खंड घेणारा राहिला नाही. तो धंद्यातला भागीदार झाला. त्या तेलक्षेत्रांतून एनीला काही घबाड मिळाले नाही. पण करार कसा असावा याची नवी तऱ्हा मात्र रूढ झाली.

१९६० मध्ये त्याने थेट सोव्हिएत रशियाशी सौदा केला. रशियाने स्वस्त दराने तेल द्यायचे आणि बदल्यात इटलीने पोलादी नळ, कृत्रिम रबर वगैरे माल द्यायचा. शीतयुद्ध ऐन भरात होते. पाश्चात्त्य गोटात याने मोठी खळबळ उडाली. नाटोने नोव्हेंबर १९६२ मध्ये रशियाला मोठ्या व्यासाचे नळ विकू नयेत अशी शिफारसच केली. पण एकदा उघडलेली वाट बुजत नाही. १९६९ मध्ये एनीने रशियाशी वायूचा करार केला आणि १९७४ पासून चेकोस्लोव्हाकिया व ऑस्ट्रिया या देशांमधून रशियन वायू इटलीत येऊ लागला.

अल्जीरियाची वाट

सहारा वाळवंटात हासी रमेलचा प्रचंड वायुसाठा सापडला तो १९५६ साली. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता आणि स्वातंत्र्याची लढाई पेटलेली होती. सहाराच्या तेलात वाटा घेण्याची संधी मात्तेईला होती. पण देश स्वतंत्र होईपर्यंत तेथे हात घालायचा नाही, असे त्याने ठरवले. उलट अल्जीरियाच्या लढ्याला त्याने उघड सहानुभूती दाखवली. यात तत्त्व होते तसा व्यवहारही होता. जो करार आज परक्या सत्तेशी करायचा तो उद्याच्या मालकाला बांधील वाटणार नाही, हे त्याला कळत होते. याबद्दल फ्रेंच अतिरेक्यांच्या धमक्या त्याला येत होत्या. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि मात्तेई नव्या सरकारशी बोलणी करण्याच्या तयारीला लागला.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला तो सिसिलीतल्या गाल्यानो या डोंगरी गावात गेला होता. तेथे वायू लागला होता. पोटासाठी परदेशी गेलेली तुमची मुले आता परत येतील, अशी आशा त्याने सज्जातून गावकऱ्यांना दाखवली. संध्याकाळी कातानियाहून त्याचे छोटे जेट विमान मिलानला निघाले. बरोबर वैमानिक बेर्तुझ्झी आणि अमेरिकन पत्रकार विल्यम मॅकहेल. मिलान काही मिनिटांवर असताना, पावसापाण्यात बास्कापे गावाच्या शेतात विमान कोसळले. तिघेही गेले. मात्तेई ५६ वर्षांचा होता.

चौकशी झाली, अपघात असा निष्कर्ष निघाला. पण लोकांचे समाधान झाले नाही. दिग्दर्शक फ्रान्चेस्को रोझी यांनी या प्रकरणावर चित्रपट करायला घेतला. त्यांच्यासाठी मात्तेईच्या अखेरच्या दिवसांची माहिती गोळा करणारा पालेर्मोचा पत्रकार माउरो दे माउरो सप्टेंबर १९७० मध्ये बेपत्ता झाला तो कायमचाच. चित्रपट १९७२ मध्ये आला आणि कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारात वाटेकरी झाला. पुढे नव्वदच्या दशकात तपास पुन्हा उघडला. मात्तेईची अंगठी, घड्याळ, धातूचे तुकडे पुन्हा तपासले गेले आणि विमानात स्फोट झाल्याच्या खुणा मिळाल्या. तो कुणी घडवला हे मात्र सिद्ध झाले नाही. २००३ मध्ये दफ्तर बंद झाले.

पाट आणि बांध

आपल्याकडच्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. विहीर एकाची, शेत दुसऱ्याचे आणि पाट तिसऱ्याच्या रानातून जाणार असेल, तर भांडण हमखास त्या मधल्या बांधावर होते. देशादेशांतल्या वायुवाहिनीचेही तसेच आहे. तेलाचे जहाज एका बंदरात पटले नाही तर दुसऱ्या बंदरात नेता येते. नळ एकदा पुरला की तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून नळाआधी कागद पक्का करावा लागतो, आणि तोही पदरापदरांचा. सरकारा-सरकारांत तह, मधल्या देशाशी वाटेचा करार, आणि विकणारा व घेणारा यांच्यात वीस-पंचवीस वर्षांचा खरेदीचा करार. या शेवटच्या करारात बहुधा अशी अट असते की ठरलेला वायू घ्या, न घेतला तरी पैसे भरा. त्याशिवाय नळात कोट्यवधी रुपये ओतायला कुठलाच सावकार धजावत नाही.

मात्तेईच्या वारसदारांना हे सगळे करावे लागले. वीज आणि पाणी नसलेल्या वाळवंटापेक्षा ट्युनिशियाशी घासाघीसच अधिक दमवणारी ठरली. तुमचा नळ आमच्या भूमीतून जाणार, तर आमचा वाटा किती? एनीने जहाजाने द्रवरूप वायू आणण्याचा पर्यायही चाचपला. अखेर १९७७ मध्ये जमले. वाहून जाणाऱ्या वायूचा पाच-सहा टक्क्यांच्या घरातला हिस्सा ट्युनिशियाला, तो वायूच्या रूपात घ्या किंवा रोखीत. त्याच वर्षी अल्जीरियाच्या सोनात्राक कंपनीशी पंचवीस वर्षांचा, दरसाल १२ अब्ज घनमीटरचा करार झाला. समुद्राखालच्या टप्प्यासाठी एनी आणि सोनात्राक यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी काढली. मात्तेईने इराणमध्ये जी खुर्ची मांडली होती, तीच ही.

समुद्रात सुमारे सहाशे मीटर खोलीवर नळ टाकायचे होते. इतक्या खोलवर तोवर कुणी असे काम केले नव्हते. एनीच्याच सायपेम कंपनीच्या जहाजाने ते केले. १९८१ मध्ये नळ तयार झाला, आणि रिकामाच पडून राहिला! मधल्या काळात जगात तेलाचे भाव भडकले होते आणि जुन्या दराने वायू देणे अल्जीरियाला परवडत नव्हते. सुमारे दोन वर्षे दरावरून रस्सीखेच चालली. शेवटी इटलीच्या सरकारने तिजोरीतून भार उचलला तेव्हा १९८३ मध्ये वायू सुटला. नळ असला म्हणजे वायू येतोच असे नाही, हा धडा सर्वांना मिळाला.

त्यानंतर मात्र अल्जीरियात नव्वदच्या दशकात रक्तरंजित यादवी झाली, २०११ मध्ये ट्युनिशियात सत्तापालट झाला, तरी या नळाने मोठ्या अर्थाने दगा दिला नाही. कारण सरळ आहे. तो बंद पडला तर तिघांच्याही घरात चूल विझते.

याउलट उदाहरणेही आहेत. अल्जीरियातूनच मोरोक्कोमार्गे स्पेनला जाणारा दुसरा नळ १९९६ पासून चालू होता. दोन्ही शेजाऱ्यांचे संबंध तुटले आणि ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी करार संपताच अल्जीरियाने तो पुढे चालू ठेवला नाही. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्या भांडणात ऐन थंडीत दोन आठवडे वायू अडला आणि बल्गेरियासारख्या देशांतली माणसे गारठली. तंटा असला तरी मधल्या देशाने वाहतूक रोखू नये, असे कलम १९९४ च्या ऊर्जा सनदेच्या करारात होते. पण रशियाने त्या करारावर सही केली होती, त्याला कायम मान्यता कधीच दिली नाही. सहीला बळ येते ते दोघांचा फायदा त्यात गुंतला असेल तेव्हाच.

आपल्याला हा विषय परका नाही. मुंबई हायचा वायू उरणला येतो तो आपल्याच समुद्रातून, म्हणून बांधाचा प्रश्न नाही. पण इराणचा वायू पाकिस्तानमार्गे आणण्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालून थंडावल्या. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत यांनी डिसेंबर २०१० मध्ये अश्गाबाद येथे करार केला, २०१५ मध्ये कामाचा नारळही फुटला. आपल्या सीमेपर्यंत नळ पोहोचलेला नाही. मधला बांध तेथेही आहेच.

डाग आणि देणे

मात्तेईला देवत्व देण्याची गरज नाही. राजकीय पक्षांना तो सढळ हाताने पैसा पुरवी. भाड्याच्या टॅक्सीसारखे पक्षांना वापरतो, अशी त्याची ख्याती होती. १९५६ मध्ये एनीच्या पाठबळावर त्याने दैनिक उभे केले. लोकप्रतिनिधींना न विचारता तो परराष्ट्र धोरण चालवतो, असा आरोप होता. मॉन्तानेल्लीसारख्या नामवंत पत्रकाराने १९६२ च्या उन्हाळ्यात त्याच्यावर सविस्तर टीका केली होती. इटलीच्या सार्वजनिक जीवनात पुढे जो पैशाचा खेळ बोकाळला त्याची काही मुळे या काळात सापडतात. स्वतः मात्र तो रोममध्ये हॉटेलात राही, आणि सवड मिळाली की डोंगरातल्या ओढ्यावर एकटाच गळ टाकून बसे.

तरी अल्जीरियाने त्याची आठवण ठेवली. २०२१ मध्ये राजधानी अल्जीयर्समध्ये त्याच्या नावाच्या उद्यानाचे उद्घाटन इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते झाले. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचा वायू आटला, तेव्हा अल्जीरिया इटलीचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला. जुन्या मैत्रीने अडचणीच्या वेळी साथ दिली. जानेवारी २०२४ मध्ये इटलीने आफ्रिकेसाठी आखलेल्या योजनेलाही मात्तेईचेच नाव दिले. नाव घेणे सोपे असते. पण पंचाहत्तर टक्के समोरच्याच्या पदरात टाकून वर त्याला शेजारी खुर्ची देण्याची तयारी त्या योजनेत आहे का, हे आफ्रिकेतले लोक पाहणारच.

चामड्याच्या कारखान्यातल्या हरकाम्याने ओळखलेली गोष्ट तशी साधी होती. शेजाऱ्याच्या रानातून पाट न्यायचा तर त्याच्याही रोपांना पाणी मिळाले पाहिजे. मग पाटाची राखण तो स्वतःच करतो.